पिंट्या सायन्सला गेला

आपल्याकडे माणूस सायन्सला जातो तो सोळाव्या वर्षी, दहावीच्या टक्क्यांच्या जोरावर आणि आई-वडिलांच्या सोबतीनं. पण अठ्ठाविसाव्या वर्षी, बी.कॉम. होऊन, अकाउंट्सची बरी नोकरी हातात असताना आणि मागून कुणीही ढकलत नसताना जो आपणहून सायन्सला जातो, तो नमुना वेगळा. असे नमुने हल्ली मधूनमधून भेटतात. रविवारी बाकीचं जग लोळत असतं तेव्हा हे लॉगॅरिदमची टेबलं उघडून बसलेले असतात. आमच्या बिल्डिंगमधला नमुना तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याचं नाव पिंट्या.

कागदोपत्री त्याचं नाव भारदस्त आहे. पण डोंबिवलीत एकदा पिंट्या म्हणून नाव पडलं की पुढे चार्टर्ड अकाउंटंट झालात तरी सुटका नाही. हा तर चार्टर्डही झाला नाही. सीए इंटरचा एक ग्रुप त्यानं काढला, दुसऱ्या ग्रुपनं त्याला काढलं. त्याआधी दहावीला ७१ टक्के पडले तेव्हा घरात त्याच्या भवितव्यावर बैठक झाली होती आणि चहा निवायच्या आत संपलीही होती. "कॉमर्सला जा, कुठेही चिकटशील," बाबा म्हणाले. पिंट्या गेला आणि चिकटला. टॅली, टीडीएस, जीएसटी, मार्चएंड. सगळं सुरळीत चाललं होतं. घात केला तो मटारानं.

तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो स्टॉक ऑडिटला गेला होता. आत उणे १८ अंश, फ्रोझन मटाराची खोकी मोजायची. बाहेर मे महिना. मोजणी उरकून तो इमारतीच्या मागच्या बाजूला गेला, तर मशीनजवळून गरम हवेचा झोत अंगावर आला. पिंट्या जागीच थबकला. गरम चहा आपोआप गार होतो, गार चहा आपोआप गरम होत नाही, एवढं त्याला कॉमर्समध्ये राहूनही कळलं होतं. मग इथे थंडगार मटारातली उष्णता निघून बाहेरच्या रणरणत्या उन्हात जाते कशी? त्यानं तिथल्या सुपरवायझरला विचारलं. सुपरवायझरनं पिंट्याच्या हातातल्या फायलीकडे बोट दाखवलं. "ते लाइटबिल बघा ना साहेब."

पिंट्याला वाटलं, माणसानं टोलवलं. पुढे बऱ्याच महिन्यांनी उष्मागतिकीचा दुसरा नियम वाचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सुपरवायझरनं पूर्ण मार्कांचं उत्तर दिलं होतं. उष्णता थंडाकडून गरमाकडे आपणहून जात नाही. न्यायची तर बाहेरून काम करावं लागतं, आणि त्या कामाची रक्कम त्याच फायलीत, देय तारखेसकट लावलेली होती.

पण त्या दिवशी हे माहीत नव्हतं. म्हणून घरी आल्यावर त्यानं हाच प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनीअरकाकांना घातला. काका मेकॅनिकलचे, सगळी हयात कारखान्यात गेलेली.

"कंप्रेसर असतो," काका म्हणाले.

"तो काय करतो?"

"कंप्रेस करतो."

"काय?"

"गॅस."

"मग?"

"मग थंड होतं."

"पण काका, दाबल्यावर तर गरम व्हायला हवं ना? सायकलचा पंप गरम होतो."

काकांनी बातम्या लावल्या.

सायन्स शिकलेल्या माणसाचं हे एक असतं. त्याच्याकडे नावं असतात. वस्तू खाली का पडते? गुरुत्वाकर्षण. गोळी खाल्ल्यावर डोकं का थांबतं? पेनकिलर. नाव सांगितलं की विचारणारा गप्प बसतो, आणि विचारणारा गप्प बसला की सांगणाऱ्याला वाटतं आपल्याला कळलेलं आहे. ही व्यवस्था आपल्या समाजात फार गुण्यागोविंदानं चाललेली आहे. पिंट्यामध्ये खोट अशी, की तो नावावर भागवून घेत नाही. अकाउंट्सचा माणूस. 'किरकोळ खर्च' असं लिहून आणलं की तो विचारणार, कशाचा?

तर पिंट्यानं सायन्स शिकायचं ठरवलं. कॉमर्सच्या बारावीवर बी.एस्सी.ला कुणी उभं करत नाही, इग्नूसुद्धा नाही. म्हणजे आधी बारावी, तीही पुन्हा. त्यानं राष्ट्रीय मुक्त विद्यालयात नाव घातलं. भौतिकशास्त्र ३१२, रसायनशास्त्र ३१३, गणित ३११. हे विषयांचे क्रमांक तो विषयांच्या नावांपेक्षा जास्त प्रेमानं घेतो. पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात हे कळल्यावर त्याचे डोळे पाणावले. सीएच्या परीक्षेतून आलेल्या माणसाला इतक्या मायेची सवय नसते.

त्याच्या आईला मात्र हे झेपेना. "लोक एकदा बारावी होऊन सुटतात रे," ती जिन्यात सगळ्यांना सांगायची. "ह्याला सुटलेलं बघवत नाही."

आईची अडचण व्यावहारिक होती. पिंट्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि बायोडेटामध्ये 'शिक्षण' ह्या रकान्यात आता 'बी.कॉम., बारावी (चालू)' असं लिहावं लागत होतं.

लोकलमध्येही तेच. सकाळच्या फास्ट गाडीत त्याच्या हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक बघून ग्रुपमधल्या एकानं विचारलं, "धाकट्याची बारावी का?" "माझीच," पिंट्या म्हणाला. ग्रुप एकदम हळवा झाला. "सुटले असतील विषय," असं समजून त्यांनी त्याला चौथ्या सीटवर जागा दिली. मुंब्र्यापर्यंत पिंट्यानं त्यांना दाखवलं की गाडी वेग घेते तेव्हा डोक्यावरची रिकामी हँडलं मागे कलतात, आणि तो कल मोजला तर गाडी किती त्वरणानं निघाली ते काढता येतं. ठाण्याला जागा परत घेण्यात आली.

घरात प्रयोगांना सुरुवात झाली ती स्वयंपाकघरापासून, कारण तिथे सामान तयार असतं. एका संध्याकाळी त्यानं आईला ओट्याशी बोलावलं, हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवला, वाळवला आणि त्यावर चुन्याची निवळी सोडली. पिवळा कागद लालभडक झाला. "आई, अल्कली! आता बघ." त्यानं लिंबू पिळलं. कागद पुन्हा पिवळा.

आईनं चष्माही नीट केला नाही. "शर्टावर वरण सांडलं की साबण लावल्यावर डाग लाल होतो तो काय मग? आणि आमची आजी हळकुंडापासूनच घरी कुंकू करायची. चुना ठेव जागेवर, बाबांच्या पानाचा आहे."

पिंट्या आठवडाभर खिन्न होता. मग त्यानं ही बाब वहीत 'आधीपासून ज्ञात' या सदरात टाकली. त्याच्या वहीत अशी सदरं आहेत. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम बाकीची मुलं पाठ करतात, पिंट्याला तो ओळखीचा निघाला. जूल कुठूनही उगवत नाही, कुठेही गडप होत नाही, फक्त ह्या खात्यातून त्या खात्यात जातो. म्हणजे प्रत्येक जूलचं व्हाउचर असलंच पाहिजे. "इतकी स्वच्छ पुस्तकं मी एकाही क्लायंटची बघितलेली नाहीत काका," तो मला भरल्या गळ्यानं म्हणाला.

त्याचं दैवतही त्याला शोभेसंच आहे. लव्हाझिए. रसायनशास्त्राला तराजू लावणारा हा फ्रेंच गृहस्थ पोटापाण्यासाठी करवसुलीच्या ठेक्यात भागीदार होता. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा प्रयोग, मधल्या वेळात कामकाज. पदार्थ जळला तरी जमा-खर्च वजनाला बरोबर जुळतो हे त्यानं दाखवलं. पिंट्यानं हे चरित्र घरात उत्साहानं सांगितलं.

"मग पुढे काय झालं त्याचं?" आईनं विचारलं.

"१७९४मध्ये गिलोटिनवर चढवलं."

आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "बघ! नोकरी सांभाळून सायन्स केलं की असं होतं."

"सायन्समुळे नाही गं. करवसुलीमुळे."

"मग तू अकाउंट्स सोड बाबा," आई म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून गेलो.

पिंट्याचा खरा पराक्रम आमच्या बिल्डिंगनं पाहिला तो लंबकाचा. बारावीच्या प्रात्यक्षिकात दोऱ्याला गोळी बांधून झोके मोजतात आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे 'जी', काढतात. दोरा साधारण मीटरभराचा असतो. पिंट्याला ही कंजुषी वाटली. लांबी जितकी मोठी, तितकी मोजमापातली चूक टक्केवारीनं लहान. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, जिन्याच्या मधोमध तळापर्यंत पोकळी. त्यानं सेक्रेटरींकडे रीतसर अर्ज केला. विषय: सोसायटीच्या जिन्यात लंबक सोडणेबाबत. सेक्रेटरींना आयुष्यात पहिल्यांदाच पार्किंग सोडून दुसऱ्या विषयावरचा अर्ज मिळाला होता. त्यांनी गहिवरून सही केली.

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून नायलॉनची कोरी करकरीत दोरी खाली सुटली. टोकाला दोन किलोचं लोखंडी वजन, नाक्यावरच्या वाण्याकडून उसनं, मोबदल्यात एक जीएसटी रिटर्न. मी तळमजल्याला राहतो. ते वजन माझ्या दारासमोर येऊन थबकायचं, विचार केल्यागत करायचं आणि परत जायचं. एका झोक्याला चांगले सहा सेकंद. मोजायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी आर्ट्सचा असल्यामुळे निकालात माझा हितसंबंध नव्हता. दूधवाला पहिल्या पायरीवर खोळंबला. कचरेवाल्या मावशी डबा खाली ठेवून बसल्या आणि मनातल्या मनात त्याही मोजू लागल्या. इंजिनीअरकाका कठड्यावरून वाकून म्हणाले, "अरे, कशाला हा उपद्व्याप? ९.८१ असतो. पुस्तकात आहे की."

"डोंबिवलीचा आहे का पुस्तकात?" वरून पिंट्या ओरडला.

आणि त्याचं बरोबर होतं. 'जी' सगळीकडे एक नसतो. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवावर ९.८३, आपल्याकडे ९.७९च्या आसपास. काकांनी ज्या आकड्यावर सगळी हयात काढली तो त्यांच्या गावचा नव्हताच.

वीस झोके, १२०.३ सेकंद. पिंट्यानं गणित मांडलं. दोरीची लांबी ८.७० मीटर. उत्तर आलं ९.४९.

कुणीही दुसरा असता तर 'साधारण बरोबर' म्हणून चहाला बसला असता. वर्गात तर मुलं उत्तर आधी लिहितात आणि निरीक्षणं मागाहून बसवतात. पण पिंट्याचा चेहरा ट्रायल बॅलन्स न जुळलेल्या माणसाचा झाला. "काका, तीस पैसे कुठे गेले?"

तीन दिवस तो त्या तीस पैशांच्या मागावर होता. ऑफिसातून आला की जिन्यात बसायचा. एकेक संशयित बोलावून तपासला. झोका फार मोठा असेल तर वेळ वाढतो. पण जिन्याच्या पोकळीत झोका जेमतेम तीन अंशांचा, त्यातून एक पैसाही निघेना. स्टॉपवॉच दाबायला दोन दशांश सेकंद उशीर झाला असेल. धरला. फार तर तीन पैसे. वारा? जिन्यात वारा असता तर डोंबिवलीकर पंखे घेतेच कशाला? माझ्या मोजण्यावरही संशय आला होता, पण एक झोका चुकला तर तब्बल एक रुपया हलतो, म्हणून मी निर्दोष सुटलो. बाकी सत्तावीस पैशांचा पत्ता लागेना.

तो लागला बुधवारी संध्याकाळी, आणि लावला आईनं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "कोरी नायलॉनची दोरी होती ना? ती ताणते. मी पहिले दोन दिवस ओल्या चादरी टाकून ठेवते आणि मग पुन्हा घट्ट बांधते."

पिंट्यानं दोरी मोजली होती ती फरशीवर पसरून. वजन लटकवल्यावर पुन्हा मोजली, तर ८.९७. सत्तावीस सेंटीमीटर वाढलेली. रात्री साडेदहाला त्यानं पुन्हा गणित केलं आणि माझं दार वाजवलं. ९.७९. ताळा जमला होता. त्याच्या डोळ्यांत जे तेज होतं ते मी त्याच्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. आईची ही भर त्यानं वहीत नोंदवली आणि पुढे कंसात 'लेखापरीक्षक' असं लिहिलं.

गणित मात्र त्याला एकट्याला उरकेना. तेव्हा पहिल्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी त्याची गुरू झाली. तिचा जेईईचा क्लास चालू होता. ती इंटिग्रेशनचं उदाहरण चाळीस सेकंदांत सोडवायची. पिंट्याला चाळीस मिनिटं लागायची, त्यातली पस्तीस तो पहिल्या ओळीकडे बघत बसायचा.

"दादा, विचार नको करूस. पद्धत लाव."

"पण हे काढून आपल्याला मिळालं काय?"

"चार मार्क."

"तसं नाही. ह्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे प्रत्यक्षात काय आहे?"

"दादा, पोर्शन मागे पडतोय."

ती कडक होती. गृहपाठ द्यायची, न केल्यास बोलणं बंद करायची. साइन-कॉसची टेबलं तिनं त्याच्याकडून जिन्यातून वर जाता-येता म्हणून घेतली. बदल्यात पिंट्यानं तिला काही शिकवलं असं नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तीच वही मिटून म्हणाली, "दादा, इलेक्ट्रिक फ्लक्सची सगळी उदाहरणं मला येतात. पण फ्लक्स म्हणजे खरंच काय असतं रे?"

दुसऱ्या दिवशी तिची आई तिसऱ्या मजल्यावर हजर झाली. "पिंट्या, तुझं ठीक आहे. तुला कुठे लागायचंय कशाला. हिचं वर्ष आहे. हिला असले प्रश्न पाडू नकोस."

माऊलीचं काही चुकलं नव्हतं. सोळाव्या वर्षी सायन्स ही रांग असते. रांगेत उभं राहून 'ही रांग कशाची?' असं विचारणाऱ्याचा नंबर जातो. पिंट्याला रांगच नव्हती. त्याच्या बारावीवर ना मेडिकलची सीट अवलंबून, ना बापाची इभ्रत. त्यामुळे एका धड्यावर तो महिनाभर राहू शकत होता. फुकटात शिकणाऱ्याची ही श्रीमंती ज्यांनी लाखांच्या फिया भरल्या होत्या त्यांना परवडणारी नव्हती.

रविवार तो बाहेर काढायचा. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेत व्याख्यान असलं की हा हजर. जुहूच्या पृथ्वी थिएटरात टीआयएफआरची मंडळी 'चाय अँड व्हाय' नावाचा कार्यक्रम करतात, त्यासाठी डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून जायचा. अशा ठिकाणी प्रश्नोत्तरांत दोन जाती असतात. एक, निवृत्त सद्गृहस्थ, ज्यांचा प्रश्न व्याख्यानापेक्षा लांब असतो आणि ज्यात शेवटी प्रश्नचिन्ह नसतं. दुसरी, शाळकरी मुलं, जी सगळ्यात अवघड प्रश्न तीन शब्दांत विचारतात. पिंट्या वयानं मधला, पण हात तो मुलांच्या बाजूनं वर करतो.

तिथूनच कुठूनतरी तो शून्य सावलीचं खूळ घेऊन आला. मेच्या मध्यावर गच्चीत कुरडया वाळत घातलेल्या असताना ह्यानं नोटीस लावली: आज दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी सावली नाहीशी होईल. इंजिनीअरकाका हसले. "त्यात काय? सूर्य रोज बाराला डोक्यावर असतोच."

नसतो. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षातून फक्त दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैच्या अखेरीस, आणि जुलैत तो ढगांच्या वर येतो, आपल्याला उपयोग नाही. शिवाय बाराला कधीच नाही. आपली घड्याळं चालतात साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, डोंबिवली आहे त्र्याहत्तरवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे अडतीस मिनिटं उशीर. त्यातून मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या चारेक मिनिटं पुढे असतो, ती वजा. बाकी चौतीस. काकांनी हा हिशोब बोटांवर तपासला आणि टोपी घालून वर आले.

बारा चौतीसला पिंट्यानं उभी ठेवलेली नळकांडी, पाण्याचा पिंप, वाळवणाची काठी, सगळ्यांच्या सावल्या आपापल्या बुडाखाली शिरल्या. बायका कुरडया सोडून बघायला आल्या. काका कितीतरी वेळ त्या नळकांड्याभोवती फिरत राहिले. खाली उतरताना ते पिंट्याला हळूच म्हणाले, "तो सायकलचा पंप. तुझं बरोबर होतं. कंप्रेसरमधून गॅस गरमच निघतो, बाहेरच्या हवेपेक्षा गरम. म्हणून तर तो उष्णता बाहेर टाकू शकतो. मग पुढे दाब सोडला की तो गार पडतो. मी जुनं पुस्तक काढलं होतं."

परीक्षेच्या दिवशी पिंट्या केंद्रावर पोहोचला तेव्हा गेटवरच्या वॉचमननं त्याला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." हॉलतिकीट दाखवल्यावर वॉचमननं फोटो पाहिला, त्याला पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, वय गेल्यावरपण देता येतं का हे?" पिंट्यानं त्याला तिथेच फॉर्म कसा भरायचा ते समजावलं आणि पेपरला शेवटच्या मिनिटाला शिरला. प्रात्यक्षिकाच्या तोंडीत परीक्षकांनी विचारलं, "लंबकातल्या चुकांची कारणं सांगा." बाकीची मुलं इथे 'हवेचा विरोध' म्हणून सुटतात. पिंट्या दोरीपासून सुरू झाला. पैशापैशाचा हिशोब देत तो ओल्या चादरींपर्यंत आला तेव्हा परीक्षकांनी घड्याळाकडे बघत त्याला हात जोडले.

पास झाला. भौतिकशास्त्रात ८१, रसायनशास्त्रात ६४, गणितात ५८. पेढे वाटले. पहिल्या मजल्यावरच्या गुरुमाऊलींनी गणिताचा आकडा पाहून पेढा अर्धाच घेतला. आता तो इग्नूच्या बी.एस्सी.चा फॉर्म भरतोय. तिथे एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तीस तास असतात हे कळल्यापासून तो खूश आहे. तासाचा दर असलेलं कुठलंही काम त्याला विश्वासार्ह वाटतं.

आईनं बायोडेटातलं 'चालू' खोडलं आणि बदलापूरला कांदेपोह्यांचं ठरवलं. मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्री, अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. जाताना रिक्षात आईनं बजावलं होतं, "तिथे सायन्स काढू नकोस." पिंट्यानं दहा मिनिटं पाळलं. मग मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, लग्नानंतर फिरायला वगैरे जायची आवड आहे का. त्यावर पिंट्या म्हणाला, "जूल गेला होता."

मँचेस्टरजवळच्या बिअर गाळणाऱ्या घरातला हा जूल. १८४७मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी मधुचंद्राला गेलेला असताना त्याच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता, आणि धबधब्याचं पाणी वरच्यापेक्षा खाली किती गरम होतं ते तो मोजायला निघाला होता, अशी गोष्ट थॉमसन नावाच्या त्याच्या शास्त्रज्ञ मित्रानं लिहून ठेवली आहे. पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा जाणार कुठे? खाली आपटल्यावर ती उष्णता व्हायला हवी. "४२७ मीटर पडलं की एक अंश," पिंट्या सांगत होता. पोहे निवत होते. "जोगचा धबधबा २५३ मीटर. म्हणजे ०.६ अंश. मला तिथे जाऊन मोजायचंय."

दिवाणखान्यात शांतता पसरली. आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी चपलांकडे. तेवढ्यात मुलगी पहिल्यांदाच बोलली.

"थर्मामीटरचा लीस्ट काउंट किती आहे?"

"एक अंश," पिंट्या म्हणाला, आणि म्हणता म्हणताच खजील झाला. ज्या पट्टीवर एका अंशाच्या खाली खूणच नाही तिच्यावर सहा दशांश काय मोजणार?

परतीच्या गाडीत आई कल्याणपर्यंत बोलली नाही. "ती काहीतरी उणं काढत होती," एवढंच म्हणाली. पिंट्या खिडकीतून बाहेर बघत होता.

दोन दिवसांनी बदलापूरहून फोन आला. मुलीची आई होती. इकडचं तिकडचं झाल्यावर चाचरत म्हणाली, "तशी आमची काही हरकत नाही हो. पण तिनं एक विचारायला सांगितलंय. मला नीट कळलेलं नाही, लिहून घेतलंय, वाचते. तुषारांतून पाणी उडून जातं, त्याचा खर्च त्यांनी धरलाय का?"

फोन स्पीकरवर होता. पिंट्या ताडकन उठला, वही काढली. बाष्पीभवन! पाणी उडून जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हजार भागांतला एक भाग जरी हवेत उडाला तरी ०.६ अंशांची सगळी कमाई साफ. जमेची बाजू तेवढी मांडली होती, खर्चाचं अख्खं खातंच राहिलं होतं, आणि तेही पिंट्याच्या हातून. तो कागदावर आकडे मांडत सुटला. आईनं फोनवर हात धरून दातओठ खात विचारलं, "अरे, त्या ताटकळल्यात. काय सांगू त्यांना?"

"तिचं बरोबर आहे," मान वर न करता पिंट्या म्हणाला.

आईनं हात काढला. "ऐकलंत ना? होकार आहे आमचा. मुहूर्ताचं बोलू."